यारीच्या ब्रेकचं सुटं चित्र

एक

जतच्या पोलीस ठाण्यात धन्यकुमार अण्णांनी पहिल्याच दिवशी गुन्हा कबूल केला आणि सगळ्यांचं काम सोपं करून टाकलं. अवघड झालं ते फक्त त्यांच्या लेकीचं, ब्राह्मीचं.

घडलं होतं ते असं. जत तालुक्यातल्या एका माळावर नानासोंची यारी विहीर खोदत होती. यारी म्हणजे विहिरीच्या काठावर उभी करतात ती डिझेलवरची क्रेन. तिच्या तारेच्या दोराला लोखंडी टब लटकतो आणि त्यातून फोडलेला दगड वर येतो. टबात माणूस बसवू नये असं सगळे यारीवाले सांगतात आणि सगळे बसवतात. त्या दुपारी ईराप्पा नावाचा खोदणारा गडी जेवायला म्हणून टबात बसून वर निघाला. टब काठाशी आला, यारी चालवणाऱ्या पप्पूनं क्लच सोडला, आता ब्रेक धरील म्हणून. ब्रेकनं धरलं नाही. ईराप्पाच्या बायकोनं काठावर भाकरीचं फडकं सोडून ठेवलं होतं, ते तसंच उघडं राहिलं.

ब्रेक जुना असता तर लोकांनी नशिबाला बोल लावला असता. पण तो कोरा करकरीत होता, कंपनीच्या पेटीतून आलेला, आणि बसवला होता धन्यकुमार अण्णांनी. अण्णांचं गॅरेज कवठे महांकाळात. यारीचं काहीही बिघडलं की अर्धा जिल्हा त्यांनाच बोलावणं धाडायचा. अण्णांनी हात लावला की मागं वळून बघायला नको, अशी त्यांची ख्याती. आणि तेच अण्णा गजाआड बसून एकच वाक्य घोकत होते, "माझ्या हातनं चुकलं. दुसऱ्या कुनाला इचारू नगा."

ब्राह्मी डबा घेऊन गेली तेव्हा ते भिंतीकडं तोंड करून बसले होते.

"अण्णा, दोन घास खावा. आईनं पाठवलंय. दिवस मावळला की तुमी तोंडात काय घालणार न्हाईसा."

"न्हे माघारी. मी सोडलंय."

"काय सोडलंय?"

"अन्न." अण्णा वळले नाहीत. "पान्यातला किडा मरंल म्हनून गाळून प्यायलो जलमभर. आन माणूस मारला गं. आता कुनासाठी खायाचं?"

बाप चिडला असता, रडला असता तर तिला काही सुचलं असतं. हा माणूस शांतपणे मरायला बसला होता.

फौजदार संयोगिता माने बाईंनी तिला बाहेर बोलावून अण्णांच्या खिशातल्या वस्तू हातात दिल्या. गॅरेजच्या किल्ल्या, रुमाल आणि वाचायचा चष्मा. हा चष्मा पहाटे पोथी वाचताना तेवढा अण्णांच्या नाकावर चढायचा. त्याची दांडी वंगणानं काळी झाली होती. ब्राह्मीनं ती ओढणीला पुसली, काळं पुरतं निघालं नाही, तसाच चष्मा पिशवीत टाकला.

"हे असंच चाललं तर उद्या त्यांना दवाखान्यात हलवावं लागेल," माने बाई म्हणाल्या. "पण मनानंच उठून चाललेल्या माणसाला सलाईन किती पुरणार?"

"मॅडम, अण्णांच्या हातून अशी चूक होणार नाही. त्यांच्यानंतर कुणीतरी ब्रेक उघडलाय."

"असं त्यांची मुलगी म्हणणारच."

"मी दाखवू शकते. काम संपलं की अण्णा नटावर तेलात कालवलेल्या कुंकवाची रेघ ओढतात, नटावरून थेट दांड्यापर्यंत. नंतर कुणी नट फिरवला तर रेघ मोडते. तो ब्रेक बघू द्या मला."

ब्रेक पोत्यात सीलबंद होता. सांगलीहून तपासणारा माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होता, त्याच्यासमोरच पोतं उघडणार. माने बाईंनी तोवर वाट बघायचं कबूल केलं. रेघ मोडलेली निघाली की अण्णा सुटले, एवढं एकच गणित ब्राह्मीच्या डोक्यात उरलं. मोडली कुणी, ते मात्र तिलाच शोधायचं होतं.

दोन

सकाळी ती माळावर पोचली तेव्हा यारी गप्प उभी होती आणि नानासो बाभळीच्या विरळ सावलीत बसले होते. अण्णांशी त्यांची वीस-पंचवीस वर्षांची ऊठबस. पण त्यांनी ब्राह्मीला बस म्हटलं नाही.

"तुझ्या बाच्या भरवशावर निर्धास्त व्हतो मी," ते म्हणाले. "आता ईराप्पाच्या बायकूला काय तोंड दाखवू?"

"नाना, अण्णा गेल्यावर ब्रेक कुणी उघडला होता का?"

"कोन उघडंल? पाना उलटा का सुलटा धरायचा हे कळनारं एक डोस्कं न्हाई हितं."

"मग पेटीतला मालच खराब आला असेल."

"त्येबी न्हाई. माझ्या साडूनं हाच ब्रेक आणलाय. त्याचं काम कवठ्याकडं चालू हाय. परवाच बसवला, त्यानं सोताच, पुस्तकात बघून. झकास चालतीया यारी." नानासो थुंकले. "तुझा बा तर पोरीचं कवतिक सांगताना थकत न्हवता. लेक यंत्राची चित्रं काढती म्हनं कंपनीत. पोरीचं कवतिक करता करता हातातल्या कामाकडं ध्यान न्हाई राह्यलं, दुसरं काय."

हे ऐकून ब्राह्मीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि रागही आला. रागानंच तिनं ताडपत्रीखालची ब्रेकची पेटी ओढून काढली. आत प्लॅस्टिकच्या रिकाम्या पिशव्या होत्या. प्रत्येक पेटीत कंपनी एक छोटं पुस्तक घालते, ते नव्हतं.

"पुस्तक कुठाय?"

"आमच्यात पुस्तक कोन वाचतंय? कुनीतरी भजी खाल्ली असत्याली त्याच्यावर."

पप्पू यारीच्या मागं, चाकाला टेकून बसला होता. दोन लेकरांचा बाप, आणि त्या दिवसापासून तो यारीवर चढला नव्हता.

"ताई, देवाशप्पथ, मी नटाला हात लावला न्हाई. उलट आदल्या दिशी नानांना सांगितलं व्हतं, टब जरा सरकतुया म्हनून. थांबवला तरी वीतभर खाली जातुया. तर नाना म्हनले, आण्णांनी बसवलाय, तू गप काम कर."

"अण्णा काम करत होते तेव्हा तू जवळ होतास?"

"व्हतो की. च्या न्हेला, तर नगं म्हनले. पोत्यावर समदं दोन वळीत मांडल्यालं, चष्मा लावून बसलेलं, मान वर करायला तयार न्हाईत. कामात असलं की आण्णा आसंच."

"हो, असंच," ब्राह्मी म्हणाली. तिला त्या क्षणी फक्त टब सरकत होता एवढंच ऐकू आलं होतं. बुडत्याला काडीचा आधार लागतो, आणि काडी शोधणारा माणूस शेजारचं लाकूड बघत नाही. अण्णांनी बसवलेला ब्रेक सरकणं शक्य नाही, म्हणजे मधे कुणाचा तरी हात लागलाय, असं तिनं मनाशी पक्कं केलं.

ती स्कूटर सुरू करत होती तेव्हा पप्पू मागून पळत आला.

"ताई, एक सांगायचं राह्यलं. आण्णा गेल्यावर सांजंला तुमच्या कंपनीची गाडी आलती. साहेब उतरला आन एकटाच ब्रेकपाशी गेला."

"कोण साहेब?"

"विश्वजीत साहेब."

तीन

ब्राह्मी नोकरी करायची ती, हा ब्रेक बनवणारी कंपनी कुपवाडच्या एमआयडीसीत होती. विश्वजीत तिथला मॅनेजर, ब्राह्मीचा वरिष्ठ. हसतमुख माणूस, हसता हसता कामगारांची सुट्टी कापायचा. ब्राह्मीनं दार ढकलून सरळ विचारलं, तुम्ही ब्रेक उघडलात का?

विश्वजीत या वेळी हसला नाही. त्यानं फोन काढून तिच्यापुढं धरला. "फोटो काढायला गेलो होतो. नवीन ब्रेक पहिल्यांदाच कुणाच्या यारीवर बसला होता, जाहिरातीला हवा होता. बघ."

फोटोत संध्याकाळच्या उन्हात ब्रेक चमकत होता. नटावरून दांड्यापर्यंत कुंकवाची लाल रेघ, सरळ, अखंड. म्हणजे साहेब आले तोवर तरी कुणी हात लावला नव्हता. पण फोटो काढल्यानंतर साहेबांनी काय केलं, हे फोटोत कुठं दिसतं?

"मला पाना धरता येत नाही, हे सगळ्या वर्कशॉपला माहीत आहे," तिच्या मनातलं ओळखून तो म्हणाला. "आता तू बस. पोलीस माझ्याकडंही येतील. त्यांना विचारायचं असेल की कंपनीनं ब्रेक कसा बसवायचा ते नीट सांगितलं होतं का. पुस्तक तू केलंयस. चित्र बरोबर आहे ना?"

"अगदी बरोबर आहे."

"मग तेवढं लिहून सही कर."

ब्राह्मीनं क्षणभरही विचार न करता सही केली. तिला ते सोयीचंच होतं. माल चांगला, चित्र बरोबर, अण्णांचा हात बरोबर. मग उरतो तो नंतर ब्रेक उघडणारा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तिला ते कळायला अजून अवकाश होता.

त्या चित्राचा तिला अभिमान होता. यंत्र उघडून त्याचा एकेक भाग हवेत तरंगत ठेवल्यासारखं काढायचं, सगळे भाग एका तुटक रेषेवर ओवायचे. ती रेषा बघून कुणीही ते पुन्हा जोडू शकतो. शॉपमधले लोक त्याला सुटं चित्र म्हणत. ब्राह्मीला हे काम जमायचं त्याचं कारण घरातच होतं. अण्णा यंत्र खोलत तेव्हा भाग पोत्यावर एका सरळ ओळीत, निघतील तसे मांडत जात, आणि लहानपणी ती त्या ओळीच्या टोकाला बसून असे. तिनं पाहिलेलं पहिलं सुटं चित्र ते पोतंच होतं.

नव्या ब्रेकचं चित्र मात्र लांब झालं होतं. मोठी थाळी, लायनिंगची चकती, दातेरी चाक. चाकावर दुसरी लायनिंगची चकती, मग दाबाची प्लेट, मग स्प्रिंग आणि शेवटी नट. लायनिंग चाकाला दोन्हीकडून घासून धरतं, म्हणून टब थांबतो. विश्वजीतला पुस्तक खिशात मावेल एवढं हवं होतं. मग ब्राह्मीनं ओळ मोडली. नांगर बांधाला लागला की बैल वळवून पुढचा तास उलट्या बाजूनं धरतात, तशी तिची तुटक रेषा दातेरी चाकापाशी वळून खाली यायची आणि दुसऱ्या ओळीत उजवीकडून डावीकडं जायची. एकटा नट तळाला. कॉम्प्युटरवर ते झकास दिसत होतं. साताऱ्याच्या छापखान्यातून पुस्तकं आली तेव्हा तिनं शेवटचं पान उघडलं. तिथं बारीक अक्षरात छापलं होतं, चित्रे : ब्राह्मी धन्यकुमार. पहिली प्रत घरी नेल्यावर अण्णांनी चष्मा लावून ते नाव वाचलं होतं आणि पुस्तक देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं होतं.

"साहेब, एक पुस्तक नेऊ? नानासोंच्या पेटीतलं सापडत नाही."

"ने की. गठ्ठे पडलेत."

तिनं ते न उघडताच पिशवीत टाकलं. एवढ्यात माने बाईंचा फोन आला. "लवकर ये. पोतं उघडतोय. आणि ब्राह्मी, वडिलांनी आज पाणीही घेतलेलं नाही."

चार

ठाण्याच्या मागच्या अंगणात पोतं उघडलं. यारीचे मालक म्हणून नानासोंना बोलावलं होतं, त्यांच्या मागं पप्पू. सांगलीहून आलेल्या तपासनिसानं वरची धूळ फुंकरली. ब्राह्मी पुढं वाकली.

नटावर लाल रेघ होती. नटावरून दांड्यापर्यंत, सरळ, केसाएवढीही न मोडलेली.

अण्णांनंतर या ब्रेकला कुणीच हात लावला नव्हता. ना पप्पूनं, ना साहेबांनी, ना नानांनी. ज्या रेघेच्या जिवावर ती बापाला सोडवायला निघाली होती तिनंच बापाला पक्कं अडकवलं होतं. नानासोंनी मान फिरवली. त्यांनाही हे नको होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

तपासनीस एकेक भाग काढून अंथरलेल्या पोत्यावर ठेवू लागला. "नट. मग हे लायनिंग. अरे, लायनिंग बाहेर कसं? मग प्लेट. मग स्प्रिंग, चाकाला चिकटून." त्यानं स्प्रिंगवरून बोट फिरवलं. "चाकावर लोखंड घासतंय. थंडपणी, थोड्या वजनाला धरतं. दोन-तीन दिवस घासून गुळगुळीत झालं की हळूहळू सरकायला लागतं आणि मग एकदम सुटतं."

"तेच तर म्या सांगितलं व्हतं," पप्पू पुटपुटला.

"म्हणजे वडिलांचीच चूक," माने बाई हळूच म्हणाल्या. "वाईट वाटतं, पण..."

ब्राह्मी पोत्याजवळ उकिडवी बसली होती. रडू येत होतं, पण डोळे त्या भागांवरून हलत नव्हते. घाईत माणूस एखादा भाग विसरतो, नाहीतर दोन भागांची अदलाबदल करतो. इथं चाकापर्यंतचं सगळं बरोबर होतं. पुढचे तिन्ही भाग शिस्तीत उलटे बसले होते, कुणीतरी एकेक बघून, खात्री करून बसवल्यासारखे. लायनिंग कुठं असतं हे अण्णांना झोपेत उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं.

आणि मग सकाळचं पप्पूचं वाक्य तिला पुन्हा ऐकू आलं, या वेळी सबंध. दोन वळीत मांडल्यालं. चष्मा लावून.

अण्णा कधीच दोन ओळींत मांडत नाहीत. अण्णा कामाला कधीच चष्मा लावत नाहीत. त्यांची बोटंच त्यांचे डोळे. मग त्या दिवशी चष्म्याच्या दांडीला वंगण कसं लागलं?

तिनं पिशवीतून पुस्तक काढलं. घाईघाईनं उलटताना पान सापडेना. सापडलं. लहान आकाराचं, फिकट छापलेलं पान. तिची तुटक रेषा, ती चाकापाशी वळून खाली येणारी रेषा, पानावर नव्हती. चित्र लहान करताना ती इतकी बारीक झाली होती की छापलीच गेली नव्हती. उरल्या होत्या दोन सुट्या ओळी, एकीखाली एक.

ब्राह्मीनं दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि कुणीही वाचेल तसं डावीकडून वाचलं. स्प्रिंग. प्लेट. लायनिंग.

पाच

तिला पुस्तक मिटता आलं असतं. तिथं दुसऱ्या कुणालाही काही दिसलं नव्हतं. कबुली अण्णांची होती, आणि चित्र बरोबर असल्याच्या कागदावर तिची स्वतःची सही होती, शाईही पुरती न वाळलेली. एक क्षण तिच्या मनात हे सगळं येऊन गेलं. मग तिला भिंतीकडं तोंड करून बसलेली बापाची पाठ आठवली.

"मॅडम, अण्णांना बाहेर आणा. एकदाच."

अण्णांना दोघा शिपायांनी धरून आणलं. पोत्यावरचे भाग बघताच त्यांनी डोळे मिटले.

"अण्णा, हे लावून दाखवा."

"कशाला? चुकलं म्हनून सांगितलंय की."

"कसं चुकलं ते दाखवा."

अण्णा बसले. त्यांनी चाक उचललं. मग स्प्रिंग उचलली, चाकाजवळ नेली आणि तिथंच थांबले. बोटं पुढं जाईनात. जन्मभर बरोबर जोडत आलेल्या हाताला मुद्दाम चुकायला सांगितलं की तो असाच अडतो. स्प्रिंग खाली ठेवून त्यांची बोटं आपोआप लायनिंगकडं वळली. हे ध्यानात येताच त्यांनी हात मागं घेतला आणि गुडघ्याखाली दडवला.

"हात चुकला नव्हता अण्णा," ब्राह्मी म्हणाली. "त्या दिवशी तुमी चष्मा लावला होता. दांडीला वंगण हाय अजून. भाग दोन ओळींत मांडले, कारण समोर पुस्तक उघडं होतं आणि त्यात दोन ओळी होत्या. दुसरी ओळ तुमी डावीकडनं वाचली. कुणीबी तशीच वाचंल. पेटीत पुस्तक न्हाई, कारण ते तुमी नेलं. कुठाय ते?"

अण्णांनी तोंड भिंतीकडं वळवलं.

"चुलीत घातलं," ते म्हणाले. "ईराप्पा गेला म्हनून कळलं त्या राती. देव्हाऱ्यातलंबी. तुझं नाव व्हतं गं त्याच्यावर."

"पण तुमाला तर पुस्तक लागत न्हाई. का बघितलंत?"

"हात म्हनत व्हता, आसं नसतंय." अण्णांनी दडवलेला हात बाहेर काढून बघितला. "लायनिंग आत पायजे, हात सांगत व्हता. पर म्हनलं, नवीन तऱ्हा असंल. कंपनीनं छापलंय, शिकल्याली लेक हाय, तिनं काढलंय, त्यात चूक कशी असंल? जलमात पयल्यांदा पुस्तक उघडून बसलो. तुजं चित्र बघून काम करायची हौस व्हती मला."

या माणसानं तिच्या नावासाठी उपाशी मरायचं ठरवलं होतं. तिच्या नावाला डाग लागला नाही की झालं. स्वतःचं नाव, ख्याती, जीव, सगळं त्यानं तिच्यावरून ओवाळून टाकलं होतं. तिनं माने बाईंकडं पाहिलं.

"लिहा मॅडम. चित्र माझं आहे. छापून आल्यावर ते पान मी तपासलं नाही. आज मी चित्र बरोबर आहे असं लिहून दिलं, तेही न बघता. ते खोटं आहे असं लिहा."

"नगं पोरी! नोकरी जाईल, उद्या तुलाच आत..."

"अण्णा, एकाच पेटीत न्हाई पुस्तक. गठ्ठे पडलेत. किती गेलीत देव जाणे."

हे ऐकून सगळ्यांत आधी नानासोंचा चेहरा पांढरा पडला. झटकन खिशात हात घालून त्यांनी फोन काढला.

"माझा साडू," ते म्हणाले. "पुस्तकात बघून बसवलाय त्यानं."

रिंग वाजत राहिली. कुणी उचलेना. नानासोंनी पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा फोन उचलला गेला आणि आधी इंजिनाची धडधड ऐकू आली.

"बोला नाना, जरा गडबडीत हाय. टब वर घ्यायलोय."

"थांबिव! टबात कोन हाय?"

"दोघंजण. का वो?"

"क्लच सोडू नगंस! इंजिन चालूच ठिव, हाय तिथं धरून ठिव. दांडका घाल त्या चाकात, पहार घाल, काय हाय ते घाल!"

"आवं पर झालंय काय?"

"ब्रेक उलटा बसलाय! पयलं शिडी सोड आन दोर टाक. मग इचार काय झालं ते!"

पलीकडं आरडाओरडा सुरू झाला. पळणारे पाय, कुणाची तरी शिवी, पहार लोखंडावर आपटल्याचा आवाज. नानासोंनी फोन स्पीकरवर टाकून तळहातावर धरला होता. अण्णा गुडघ्यांवर पुढं सरकत आले होते आणि फोनकडं असे बघत होते की जणू त्याच विहिरीच्या काठावर बसलेत. ब्राह्मीनं त्यांचा दंड घट्ट धरला. कोण कुणाला धरून होतं ते सांगता आलं नसतं.

"एक आला," फोनमधून आवाज आला.

मग बराच वेळ नुसती धडधड.

"दुसराबी आला. आवं नाना, त्यो भाईर पडला, क्लच सोडला, तसा रिकामा टब सरकाया लागलाय बघा. पहार वाकली!"

नानासोंनी फोन बंद केला. मग त्यांना आठवलं तसं त्यांनी यारीवाल्यांच्या ग्रुपवर बोलायला सुरुवात केली. नवीन ब्रेक कुणी पुस्तकात बघून बसवला असंल तर त्या घडीला काम बंद करा, माणसं वर काढा, यारीनं न्हाई, शिडीनं. एकदा सांगून त्यांचं समाधान होईना, तेच तेच परत सांगत राहिले. ब्राह्मीनं पुढं होऊन दुसरी ओळ कुठून कशी वाचायची ते त्याच फोनवर समजावलं आणि स्वतःचं नाव सांगितलं.

"दोगंबी वर आलं न्हवं?" अण्णांनी विचारलं.

"दोगंबी, अण्णा."

"ईराप्पा तेवढा राह्यला."

ईराप्पा राहिलाच होता, आणि तो तिच्या रेषेमुळं राहिला होता, हे ब्राह्मीला आता रोज उठून आठवणार होतं. पप्पू तोंडात टॉवेल धरून रडत होता. माने बाई लिहायचं थांबून फाटकाबाहेर बघू लागल्या. तिथं अण्णांना नेण्याकरता सकाळपासून तयार ठेवलेली दवाखान्याची गाडी उभी होती.

अण्णांनी पोत्यावरचं लायनिंग उचललं आणि चाकावर ठेवलं. त्यावर प्लेट ठेवली. त्यावर स्प्रिंग. हात एकदाही अडले नाहीत. नट हातात घेऊन ते क्षणभर बसले आणि मग तो त्यांनी ब्राह्मीच्या हातात दिला.

"तू आवळ," ते म्हणाले. "आन पानावर रेघ जाड काढ. म्हाताऱ्यालाबी दिसंल आशी."

तिनं मान हलवली. तिनं नट आवळला. अण्णांनी मान वर करून अंगणाच्या भिंतीवरल्या उन्हाकडं पाहिलं.

"दिवस मावळला न्हाई न्हवं अजून?"

"न्हाई अण्णा, हाय की अजून थोडा."

"मग डबा उघड," अण्णा म्हणाले. "पर आदी ईराप्पाच्या घरी जाऊन ये, मग खातो. त्या बाईला समदं सांग. तूच सांग."

ब्राह्मीनं डबा उघडून त्यांच्यापुढं ठेवला, गाळलेल्या पाण्याची बाटली शेजारी ठेवली आणि दिवस मावळायच्या आत परत पोचायचं म्हणून, माने बाईंना सांगून, ती धावतच स्कूटरकडं निघाली.